पुण्यात घर भाड्याने घ्यावे की विकत? मराठवाड्यातील कुटुंबांसाठी हिशेबाची रीत

लातूर, नांदेड, बीड किंवा जालन्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, की दोन-तीन वर्षांतच घरात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागते: भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा. वाक्य पटण्यासारखे असते, कारण भाड्याची पावती महिन्याच्या शेवटी रद्दीत जाते आणि हप्त्याच्या मागे चार भिंती उभ्या दिसतात. मात्र हप्त्यातला मोठा भाग सुरुवातीची अनेक वर्षे बँकेचे व्याज म्हणूनच जातो, आणि ते व्याजही भाड्याइतकेच परत न येणारे असते. घरमालकाला दिलेले भाडे वाया गेले असे म्हणायचे असेल, तर बँकेला दिलेले भाडे, म्हणजे व्याज, वेगळ्या रकान्यात मांडता येत नाही. तुलना भाडे आणि हप्ता यांची नसून दोन्हीकडच्या परत न येणाऱ्या खर्चाची आहे, आणि पुढचा सगळा हिशेब त्याच पायावर उभा आहे.

या लेखातील घरांच्या किमती, भाडी, व्याजदर आणि पगाराचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या भागातील खरे आकडे त्यांच्या जागी घालून गणित पुन्हा मांडावे. कर, शुल्क आणि कर्जाचे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

पहिली पायरी: मुक्काम किती वर्षांचा?

घर खरेदी करताना काही खर्च एकदाच होतो आणि तो कधीही परत मिळत नाही: मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क. हा खर्च दहा वर्षांवर वाटला तर जाणवत नाही, तीन वर्षांवर वाटला तर अंगावर येतो. म्हणून या शहरात, त्यातही याच भागात, आपण किती वर्षे राहणार आहोत हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा. पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडीत नोकरी असताना पूर्वेला वाघोलीत घर घेतले आणि कंपनी बदलून वाघोलीजवळच्या खराडीत आली तर नशीब. उलटे झाले तर रोजचे तीन तास रस्त्यावर जातात आणि शेवटी स्वतःचे घर भाड्याने देऊन दुसरीकडे भाड्याने राहण्याची वेळ येते.

सर्वांत सोपे उदाहरण लातूरचे आहे. अकरावी-बारावीसाठी मुलाला किंवा मुलीला लातूरला ठेवायचे म्हणून आई दोन वर्षे ट्यूशन एरियाजवळ खोली करून राहते, हे आता अंबाजोगाई-उदगीरपासून परभणीपर्यंतच्या घरांत नवे राहिलेले नाही. तिथेही कोणीतरी सुचवतेच की दोन वर्षांचे भाडे घालवण्यापेक्षा फ्लॅटच घेऊन टाकू, पुढे भाड्याने जाईल. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक, नोंदणी आणि दलाली मिळून सात टक्के धरले, तरी २ लाख ८० हजार रुपये पहिल्याच दिवशी जातात. महिना दहा हजारांप्रमाणे दोन वर्षांचे भाडे होते २ लाख ४० हजार. कर्जाचे व्याज अजून मोजलेलेच नाही. येथे विचार करण्यासारखे काही उरत नाही: भाड्यानेच राहावे.

ढोबळ मानाने पाच वर्षांपेक्षा कमी मुक्काम असेल तर खरेदीचा विषय काढू नये, सात ते दहा वर्षांच्या पुढे असेल तर बारकाईने हिशेब करावा, असे मला वाटते. मधल्या काळात मुलाची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि आई-वडील सोबत येणार आहेत की नाहीत यांवर निर्णय फिरतो.

दुसरी पायरी: किंमत भाड्याच्या किती पट आहे?

घराची किंमत त्याच इमारतीतील तशाच घराच्या वर्षाच्या भाड्याने भागावी. पुण्यात ८० लाखांच्या दोन बेडरूमच्या घराला महिना २५ हजार भाडे येत असेल, तर वर्षाचे भाडे ३ लाख, म्हणजे किंमत भाड्याच्या सुमारे २७ पट झाली. ही पट वीसच्या आत असेल तर खरेदीकडे झुकावे. वीस ते तीसच्या दरम्यान असेल तर किती वर्षे राहणार यावर सारे अवलंबून राहते. तीसच्या वर असेल तर निव्वळ पैशांच्या दृष्टीने भाडे स्वस्त पडते. हा काही शास्त्रातला नियम नव्हे, पण पहिल्या चाळणीला पुरेसा आहे.

या चाळणीतून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. छत्रपती संभाजीनगरात ४५ लाखांचा फ्लॅट महिना १२ हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे भाडे १ लाख ४४ हजार आणि पट ३१. लातूर किंवा नांदेडमध्ये ७० लाखांचा स्वतंत्र बंगला १२ हजारांत भाड्याने मिळत असेल, तर पट ४८ च्या वर जाते. लहान शहर महाग नसते म्हणून तिथे विकत घेणे परवडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लहान शहरांत भाडी इतकी कमी असतात की किमतीच्या तुलनेत विकत घेणे तिथेच अधिक महाग पडू शकते. तरीही लोक तिथे घर बांधतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही, पण तो निर्णय राहण्यासाठीचा असतो, गुंतवणुकीचा नसतो. समृद्धी महामार्ग झाला, संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक शहरात कंपन्या येत आहेत, आता भाव दुप्पट होणार, असे सांगणाऱ्या एजंटाला एवढेच विचारावे की या घराला आज भाडे किती येते.

तिसरी पायरी: परत न येणारा खर्च मांडणे

वहीचे एक पान घ्यावे, मध्ये रेघ ओढावी आणि दोन्ही बाजूंना एका वर्षाचा खर्च लिहावा. वरचेच ८० लाखांचे पुण्यातील तयार, जुन्या मालकाकडून घेतलेले घर धरू.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज मिळते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत; ते पैसे खिशातूनच जातात. म्हणजे ८० लाखांच्या घराला कमाल कर्ज ६४ लाख, स्वतःचे १६ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था आणि मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. संभाजीनगरात मेट्रोचा अधिभार नसल्याने ते एक टक्क्याने कमी भरते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते, येथे ८० हजार रुपये. पती-पत्नी दोघांच्या नावे दस्त केला तर ती मिळत नाही. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी ३० हजारांच्या वर जात नाही. दलाली, वकील, बँकेचे शुल्क आणि वीजमीटरचे नाव बदलणे यांसाठी १ लाख १० हजार धरले, तर एकदाच होणारा खर्च बरोबर ७ लाख होतो. थोडक्यात, कुलूप उघडण्यापूर्वी २३ लाख रोख हवेत. त्यात पंखे, कपाटे आणि स्वयंपाकघरातील ट्रॉली आलेली नाही.

आता वर्षाचा खर्च. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एक लाख कर्जाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो, त्यामुळे ६४ लाखांचा हप्ता सुमारे ५५,५४० रुपये. पहिल्या वर्षात भरलेल्या ६ लाख ६६ हजारांपैकी ५ लाख ३९ हजार व्याज असते आणि मुद्दल जेमतेम १ लाख २७ हजारांनी कमी होते. सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर आणि दुरुस्ती मिळून ६० हजार धरू. अडकलेले २३ लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते तर दीड लाख व्याज आले असते. ते आता येणार नाही, म्हणून तोही खर्चच. एकदाच होणारे ७ लाख दहा वर्षांवर वाटले की ७० हजार. सगळे मिळून ८ लाख १९ हजार.

दुसऱ्या बाजूला भाडे ३ लाख, आणि घर बदलण्याचा, दलालीचा, अनामत रकमेवरील बुडालेल्या व्याजाचा खर्च धरून ३ लाख २० हजार.

फरक सुमारे ५ लाखांचा, म्हणजे घराच्या किमतीच्या ६.२ टक्के. याचा अर्थ असा, की पहिल्या वर्षी घराची किंमत सव्वासहा टक्क्यांच्या आसपास वाढली तरच खरेदी आणि भाडे बरोबरीत येतात. वाढ त्याहून जास्त होईल अशी आपली खात्री असेल तर विकत घ्यावे, नसेल तर थांबावे. एवढा एक आकडा हाती आला की घरातील वादाला निदान दिशा मिळते. काकांचा अनुभव आणि मित्राचा फ्लॅट बाजूला राहतात आणि या भागात पुढची दहा वर्षे दर वर्षी सहा टक्के वाढ होईल का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायला बिल्डरचे माहितीपत्रक उपयोगाचे नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून त्याच इमारतीतील जुन्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे गोषवारे, काढावेत. पाच-सात वर्षांपूर्वी तसेच घर किती रकमेला नोंदवले गेले आणि आज कितीला जाते, हे दस्तातच लिहिलेले असते.

भाडे दर वर्षी वाढते आणि व्याजदर बदलला नाही तर हप्ता तेवढाच राहतो, हा खरेदीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि तो डावलू नये. वर्षाला ५ टक्के वाढीने २५ हजारांचे भाडे अकराव्या वर्षी ४० हजार ७०० च्या पुढे जाते, म्हणजे वर्षाला ४ लाख ८९ हजार. त्याच वर्षी कर्जाचे व्याज ३ लाख ६९ हजारांवर आलेले असते. तेथे पारडे फिरल्यासारखे दिसते. मात्र तोपर्यंत आपले आणखी १९ लाख मुद्दल म्हणून घरात गेलेले असतात आणि त्यांवरचे बुडालेले व्याजही खर्चात धरावे लागते. ते धरले तर खरेदीचा खर्च अकराव्या वर्षीही भाड्याहून जास्तच राहतो, फक्त फरक निम्म्याहून कमी झालेला असतो.

या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे: भाड्याने राहणारा माणूस वाचलेले पैसे खरोखर बाजूला टाकतो. हप्ता ५५ हजार आणि भाडे २५ हजार असेल, तर उरलेले ३० हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत, भविष्य निर्वाह निधीत किंवा एसआयपीत (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीत) गेले पाहिजेत. ते गाडीच्या हप्त्यात आणि लग्नकार्याच्या आहेरात विरले, तर वीस वर्षांनी हातात ना घर राहते ना ठेव. ज्याच्याकडून सक्तीशिवाय बचत होत नाही, त्याने हिशेबात थोडे महाग पडले तरी घर घ्यावे. हप्ता निदान चुकवता येत नाही.

करसवलतीचा मुद्दा थोडक्यात. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंतची वजावट आणि घरभाडे भत्त्याची सूट या दोन्ही जुन्या करपद्धतीत मिळतात. नव्या पद्धतीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, या दोन्ही मिळत नाहीत. तेव्हा ‘कर्ज घेतले की टॅक्स वाचतो’ हे वाक्य आपल्याला लागू आहे का, ते आधी पाहावे.

चौथी पायरी: हप्ता कोणाच्या जिवावर?

हातात पडणाऱ्या पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांहून जास्त हप्ता नसावा. ५५,५४० रुपयांच्या हप्त्याला या मापाने महिना १ लाख ४० ते १ लाख ६० हजार रुपये हातात यायला हवेत. दोघांच्या पगारावर कर्ज घेत असाल, तर एकाचा पगार वर्षभर थांबला तर काय, हे आताच लिहून ठेवावे. दर बदलतात हेही विसरू नये: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असल्याने त्याचा परिणाम लगेच होतो. साडेआठचे साडेदहा टक्के झाले, तर ६४ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ६३,९०० च्या आसपास जातो. तो झेपणार नसेल तर कर्ज मोठे आहे.

आपल्याकडे येथे शेती मध्ये येते. ‘पगार कमी पडला तर सोयाबीन आहे’ असे गृहीत धरून हप्ता बांधणे धोक्याचे आहे, कारण बँक दर महिन्याला पैसे मागते आणि सोयाबीन वर्षातून एकदा, तेही पाऊस आणि भाव दोन्ही साधले तर, पैसे देते. उलट रीत चांगली चालते: हप्ता केवळ पगारातून भागेल एवढाच ठेवावा आणि ज्या वर्षी सोयाबीन, तूर किंवा कापसाने हात दिला, त्या वर्षी एकरकमी मुद्दल फेडावे. व्यक्तीच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीला दंड लागत नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जास्तीचे भरले, तर शेवटचे सुमारे नऊ हप्ते, म्हणजे जवळपास ५ लाख रुपये, वाचतात. हेच पैसे पंधराव्या वर्षी भरण्यात फारसे हशील नाही. पैसे भरताना बँकेला लेखी कळवावे की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करायची आहे.

शेत विकून फ्लॅट घ्यावा का, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण दोन गोष्टी पाहाव्यात. विकायचे शेत ओलिताचे आहे की कोरडवाहू, आणि त्यावर कोणाचे पोट चालते? वडील अजून त्या शेतावर जगत असतील, तर पुण्यातील फ्लॅटची खरी किंमत ८० लाखांच्या बरीच वर आहे. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेलाही हेच लागू आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आलेले पंचवीस लाख मुलाच्या फ्लॅटला गेले आणि दोन वर्षांनी आईचे ऑपरेशन निघाले, तर फ्लॅटची एक खोली विकून पैसे उभे राहत नाहीत. घरातील कोणी किती दिले, ते भेट म्हणून की उसने म्हणून, आणि भावाबहिणींना ते माहीत आहे की नाही, हे साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख हिशेबाच्या वहीत कोणी करत नाही: लग्न. मुलगी पाहायला गेल्यावर ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतो, आणि कित्येक खरेद्या याच प्रश्नाच्या उत्तरासाठी होतात. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फक्त वर काढलेला वर्षाचा फरक, या उदाहरणात पाच लाख, या कारणासाठी द्यायला आपण तयार आहोत का, हे उघडपणे ठरवावे, आणि घर होणाऱ्या सुनेला किंवा जावयाला कामाच्या जागेपासून किती लांब पडेल, हेही त्याच बैठकीत पाहावे.

पाचवी पायरी: भाड्याने राहायचे ठरले तर

भाड्याने राहणे तात्पुरते समजून करार टाळला जातो, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे; अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. खर्चही फार नाही. महिना २५ हजार भाडे, १ लाख अनामत आणि दोन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर एकूण भाडे ६ लाख आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के प्रमाणे २० हजार, असे ६ लाख २० हजारांवर पाव टक्का, म्हणजे १,५५० रुपये मुद्रांक लागतो. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते.

कराराच्या मसुद्यात चार ओळी नीट वाचाव्यात: भाडे दर वर्षी किती टक्के वाढणार, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची आणि तोवर किती महिने सोडताच येणार नाही, सोसायटीची देखभाल कोण भरणार, आणि रंगकाम. रंगकामाची ओळ बहुतेक छापील मसुद्यांत तिसऱ्या-चौथ्या पानावर ‘जागा पूर्ववत स्थितीत परत करणे’ अशा गोल शब्दांत असते, आणि सोडताना तिच्याच आधारे अनामतीतून पंधरा-वीस हजार कापले जातात. ताबा घेण्याच्या दिवशीच भिंती, ओलीचे डाग, नळ, गीझर आणि वीजमीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत, म्हणजे पूर्ववत म्हणजे काय, यावर वाद होत नाही. करार संपल्यावर घर सोडले नाही तर कायद्याने दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, त्यामुळे नूतनीकरण तोंडी ठेवू नये.

सहावी पायरी: विकत घ्यायचे ठरले तर

पुण्यात बांधकाम चालू असलेले घर घेताना प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे, नोंदलेला आहे का, हे संकेतस्थळावर पाहावे. रेरा कायदा २०१६ चा आहे. त्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर, व्हावी लागते. अपूर्ण इमारतीतील घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांच्या आतील आणि पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतच्या घरावर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. त्यामुळे ‘बुकिंगमध्ये स्वस्त’ या आकड्यात जीएसटी आणि ताबा मिळेपर्यंतचे भाडे मिळवूनच तयार घराशी तुलना करावी. जुन्या मालकाकडून ५० लाख किंवा जास्त किमतीचे घर घेताना पूर्ण किमतीच्या १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. वरच्या उदाहरणात ८० हजार. त्याचबरोबर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचे पत्र आणि इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पाहावे. जमीन अजून बिल्डरच्याच नावे असेल, तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते.

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीकडे घेताना कागद आणखी खोल पाहावे लागतात, आणि त्यामागे इतिहास आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत आहेत आणि जमिनींचे प्रकार वेगळे आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसले, किंवा इतर हक्कांत इनाम, मदतमाश, खिदमतमाश (निजामकाळातील इनामी जमिनींचे प्रकार) किंवा कुळाची नोंद दिसली, तर परवानगीशिवाय झालेला पूर्वीचा एखादा व्यवहार पुढच्या सगळ्या खरेदीखतांना अडचणीत आणू शकतो. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावाच, पण इनामाची शंका असेल तर वकिलाला १९५४ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जुन्या जमीन-नोंदींपर्यंत, जायला सांगावे. सिडकोच्या वसाहतीतील घर असेल तर लीजहोल्ड (भाडेपट्ट्याचे) आहे की फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचे), आणि हस्तांतरणाची परवानगी लागते का, हे पाहावे.

दुसरा प्रकार गुंठेवारीचा. शेतजमिनीचे परस्पर तुकडे पाडून वीस बाय तीसचे प्लॉट शे-पाचशेच्या बॉण्डवर विकलेल्या वस्त्या संभाजीनगरच्या चारही बाजूंना आहेत. बॉण्ड पेपरवर नोटरीचा शिक्का असला तरी ते नोंदणीकृत खरेदीखत होत नाही. मालकी सातबाऱ्यावर जुन्याच शेतकऱ्याची राहते आणि त्याचे वारस वीस वर्षांनी दारात येऊ शकतात. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात घेण्यात आले. घर नियमित झाल्याचे महापालिकेचे प्रमाणपत्र हातात असेल तर बोलणी करावीत. ‘फाइल टाकली आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. बँक कर्ज देत नाही, एवढ्यावरून बरेच काही समजते. रोखीने घेत असाल तरी एखाद्या बँकेकडे प्रकरण तपासायला द्यावे, म्हणजे तिचा वकीलही कागद पाहतो.

पाण्याचा प्रश्न कागदांइतकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते लातूर, आणि जायकवाडी उशाशी असूनही काही दिवसांआड नळ येतो ते संभाजीनगर, अशा भागातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. तरीही पुण्यात घर पाहताना आपण ते विसरतो, कारण तिथे धरणे भरलेली दिसतात. उपनगरांतील कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. घर मे महिन्यात, दुपारी पाहावे. फाटकावरच्या रखवालदाराकडे टँकरची वही असते: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, कितीची टाकी आणि खाली करून घेणाऱ्याची सही. ती मागच्या एप्रिल-मेची पाने उलटून पाहावी. दिवसाला चार टँकर दिसले, तर देखभालीचे ३ हजार रुपये हा आकडा खरा नाही हे लगेच कळते. मग सोसायटीच्या ताळेबंदात पाण्याचा खर्च किती आणि बोअरला पाणी किती महिने पुरते, हे विचारावे आणि तो खर्च तिसऱ्या पायरीतील ६० हजारांत मिळवून फरक पुन्हा काढावा.

पुण्यात भाड्याने, गावाकडे स्वतःचे

बरीच कुटुंबे मधला मार्ग काढतात: नोकरीच्या गावी भाड्याने राहायचे आणि संभाजीनगर किंवा लातूरला स्वतःचे घर घ्यायचे. संभाजीनगरचा ४५ लाखांचा फ्लॅट ३६ लाखांचे कर्ज काढून घेतला, तर हप्ता सुमारे ३१,२४० रुपये. तो १२ हजारांनी भाड्याने दिला आणि पुण्यात २५ हजार भाडे भरले, तर महिन्याला ४४ हजारांच्या वर जातात आणि देखभाल वेगळी. पुण्यातील घराच्या ५५ हजारांच्या हप्त्याशी तुलना केली तर बचत फार नाही, आणि पट ३१ असलेले घर आपण भाड्याने देण्यासाठी घेतलेले असते. आई-वडील त्या घरात राहणार असतील, तर मात्र चित्र बदलते: त्यांचे दवाखाने, औषधे आणि नातेवाईक जवळ राहतात आणि आपल्यालाही नोकरी बदलण्याची मोकळीक राहते. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, मिळते का हे बँकेत विचारावे. कुटुंबात कोणाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, ही त्यातील अट गावच्या वाड्यालाही लागू होते. कुलूप लावून ठेवण्यासाठी मात्र घर घेऊ नये. बंद घराचाही मालमत्ता कर आणि देखभाल चुकत नाही, आणि दिवाळीला चार दिवस उघडायला वर्षाला तीन-साडेतीन लाख व्याज भरण्यापेक्षा तेच पैसे गावच्या घरावर स्लॅब टाकायला लावलेले बरे.

हा हिशेब एकदा करून ठेवून देण्याचा नाही. भाडेकराराचे नूतनीकरण आले, बँकेने दर बदलला, बदली झाली किंवा त्याच इमारतीत नवा व्यवहार नोंदवला गेला, की वहीतील दोन्ही बाजूंचे आकडे बदलून फरकाची टक्केवारी पुन्हा काढावी. ती साडेतीन-चार टक्क्यांवर आली आणि पगारातून हप्ता भागत असेल, तर घरे पाहायला सुरुवात करावी. सात-आठच्या वर गेली, तर पुढचा करारही दोन वर्षांचा करावा.